कुणाचं डावं

कपाट जिन्यात अडकलं होतं. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर बदलत होतं आणि दोन हमाल ते लोखंडी कपाट उभं धरून उतरवत होते. एक जण खाली, पायाने पायरी चाचपत उलटा उतरणारा, दुसरा वर, त्याच्याकडे तोंड करून. रविवारची सकाळ होती. ती भाजीची पिशवी घेऊन वर येत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अंग चोरून भिंतीला टेकून उभी राहिली. "डावीकडे घे," वरचा म्हणाला. खालच्याने घेतलं. "अरे, डावीकडे!" "घेतलं की!" "कुठं घेतलंस? डावीकडे, डावीकडे!" "मग हे काय उजवीकडे आहे का?" कपाटाचा कोपरा भिंतीवरून करकरत गेला आणि रंगाचा एक पापुद्रा तिच्या चपलेवर पडला. "माझं डावं रे बाबा, तुझं नाही!" वरचा ओरडला. खालच्याने कपाट मांडीवर पेललं, खांद्याला गाल घासून घाम पुसला आणि म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, कुणाचं डावं ते." वर उभी असलेली बिऱ्हाडाची मालकीण हसली. खालचा हमालही हसला. तिने मात्र खालच्या हमालाचा डावा हात बघितला, मग स्वतःचा. पिशवी तिने पायरीवर ठेवली आणि ती पिशवीशेजारी बसली. हमाल म्हणाला, "ताई, जरा सरकता का?" ती सरकली. कोणत्या बाजूला सरकली ते तिला नंतर आठवेना.

अकरा दिवसांपूर्वी ती उड्डाण शाळेच्या शेडमध्ये विमानाच्या नाकासमोर उभी होती. एरवी ती शेपटीमागे उभी राहायची. वीस वर्षं ती विमानदुरुस्तीच्या कामात होती, त्यातली नऊ हातात पाना घेऊन आणि अकरा हातात पेन घेऊन. दुरुस्त झालेलं विमान तिने दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे तपासायचं आणि कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय विमान शेडबाहेर निघत नसे. म्हणून सगळे तिला सहीबाई म्हणत. त्या दिवशी शेडमध्ये दुसरं, तसंच विमान मागे आणून लावलं होतं, शेपटीला शेपूट. मागे उभं राहायला जागा नव्हती. ते हलवायला दोन माणसं लागली असती, दहा मिनिटं लागली असती. तिने हलवा म्हटलं नाही. ती पुढे जाऊन उभी राहिली. विमान खालच्या पंखांचं, दोन माणसांचं, शिकाऊ लोकांसाठीचं. प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी एक फळी असते. आत बसलेल्याने दांडा डावीकडे नेला की डाव्या पंखाची फळी वर उठते, उजव्या पंखाची खाली जाते आणि विमान डावीकडे कलतं. फळ्यांना हलवणाऱ्या केबली जुन्या झाल्या होत्या, त्या काकांनी, शेडमधल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकने, बदलल्या होत्या. काका आत बसले होते, मान खाली घालून, पायाखालच्या उघड्या झाकणातून केबलीचे सांधे बघत. "डावं!" ते ओरडले. तिच्या डाव्या हाताची फळी कान टवकारावा तशी वर उठली. "डावं, बरोबर!" ती ओरडली. "उजवं!" "उजवं, बरोबर!" मग तिने फॉर्मवर खूण केली. फॉर्मवर छापलेलं होतं: डावे–उजवे तपासले. समोर एक चौकोन. तिने तो भरला. चौकोनाच्या बाहेर रेघ न जाऊ देता, नेहमीसारखा.

नाकासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या हाताला विमानाचा उजवा पंख असतो. हे कुणालाही कळतं, सहावीतल्या मुलालाही. तिला तर पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळाला होता. पायरीवर बसून ती हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती आणि दर वेळी ते तितकंच सोपं होतं. कॉलेजात असताना तिला एकच गोष्ट खरी शिकवली गेली होती: जे आपल्याला खरं वाटतंय ते आधी स्वतःच खोडून बघायचं. ती खोडायला बसली. कदाचित मी मागेच उभी असेन. नाही, पाठीमागून दारातला उजेड येत होता आणि माझी सावली विमानाच्या नाकावर पडली होती. कदाचित वर उठलेली फळी माझ्या उजव्या हाताची असेल. नाही, डाव्या हातात फॉर्म धरला होता आणि त्या फॉर्मच्या वरच्या कडेमागून ती फळी उठताना दिसली होती. कदाचित काकांनी दांडाच उजवीकडे नेला असेल आणि तोंडाने डावं म्हटलं असेल. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून तसं झालं असतं तर आपल्यावरचं ओझं किती हलकं झालं असतं, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याची तिला शिसारी आली. ती डावखुरीही नव्हती. असती तर बरं झालं असतं. लोकांना सांगायला काहीतरी मिळालं असतं.

विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणीला मास्तर घेऊन गेले. मास्तर म्हणजे उड्डाण शिकवणारे, साठीला एक वर्ष कमी असलेले, काच स्वतःच्या रुमालाने पुसल्याशिवाय आत न बसणारे. त्यांचा चहा नेहमी अर्धा राहायचा. तिने फॉर्म पुढे केला की कप खाली ठेवून उठायचे. "सहीबाईंची सही आली, आता चहा कोण पितं?" त्या दिवशीही तसंच म्हणाले. "काका, तुमची वैद्यकी झाली का माझ्या घोड्याची?" काका म्हणाले, "घोडा ठणठणीत, स्वार तेवढा म्हातारा झालाय." मास्तर हसत गेले. विमानाने जमीन सोडली. वारा डावीकडून होता. धावपट्टीच्या कडेला गवत कापणाऱ्या माणसाने नंतर सांगितलं की उजवा पंख जरासा खाली गेला, मग आणखी खाली गेला, आणि मग जातच राहिला. सात सेकंद, फार तर आठ. मग जाळ. पंख, केबली, सांधे सगळं वितळून एकाचं दुसऱ्यात मिसळलं होतं. तिने तो ढिगारा दुसऱ्या दिवशी पाहिला होता. त्यात ओळखू येण्यासारखी एकच गोष्ट होती, एक बिजागरी, आणि ती कोणत्या बाजूची हे कुणालाही सांगता येत नव्हतं.

उजवा पंख खाली गेल्यावर मास्तरांनी दांडा डावीकडे नेला असणार. पस्तीस वर्षं ते शिकाऊ लोकांना हेच सांगत होते, ज्या बाजूला कलतंय त्याच्या विरुद्ध दांडा, हळू, घाबरायचं नाही. त्यांनी तो हळू नेला असणार. आणि विमान आणखी उजवीकडे कललं असणार. मग त्यांनी आणखी डावीकडे नेला असणार. ते जितकं सावरत गेले तितकं ते कलंडत गेलं. त्या सात सेकंदांत त्यांना कळलं असेल का? एका क्षणी हात उलटा फिरवून बघावा असं वाटलं असेल का? हाताला पस्तीस वर्षांत जे शिकवलं ते सात सेकंदांत कसं विसरायला लावायचं? तिच्या कानात शेडचा पंखा घरघरत होता. खाली रस्त्यावर कपाट टेंपोत चढल्याचा आवाज आला. मास्तरांनी सगळं बरोबर केलं होतं आणि त्या बरोबर करण्यानेच ते मेले. शुक्रवारी तपास अधिकाऱ्याने तिला अहवालाचा कच्चा मसुदा वाचायला दिला होता, त्यात एक वाक्य होतं: 'वैमानिकाने कलणाऱ्या विमानावर चुकीच्या दिशेने नियंत्रण दिले असावे.' ती वाचून गप्प बसली होती. वय झालं होतं, असं बाहेर कुणीतरी म्हणालं, तेव्हाही गप्प बसली होती. मास्तरांची मुलगी त्यांच्या खणातल्या वस्तू न्यायला आली होती, चष्मा, दोन पेनं, एक धुतलेला रुमाल. तिने मसुद्याबद्दल ऐकलं होतं. ती रडली नाही, उभ्याउभ्या म्हणाली, "तुमची सही होती ना विमानावर? मग विमान ठीकच असणार. बाबांचंच काहीतरी चुकलं." आणि तिने सहीबाईचा हात हातात घेऊन दाबला. धीर दिला. पायरीवर बसलेल्या बाईने तो हात आता मांडीवर उताणा ठेवला होता आणि ती त्याच्याकडे परका माल बघावा तशी बघत होती. मग ती उठली, भाजी घरात ठेवली, नवऱ्याला म्हणाली, "मी काकांकडे जाऊन येते." "आत्ता? उन्हात?" तो म्हणाला. "आत्ता," ती म्हणाली.

काका जेवून टेबलाशी बसले होते, समोर रेडिओ उघडून. घरात एकही वस्तू अशी नव्हती जी त्यांनी उघडून पाहिली नव्हती. तिने उभ्यानेच सांगितलं. त्यांनी ऐकताना स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही. "कुठं कळलं तुला हे?" "जिन्यात." "जिन्यात कळलेलं चौकशीत चालत नाही, पोरी." "चालेल की नाही ते उद्या बघू. तुम्ही केबली जोडल्यात, तुमच्याकडून ऐकायचंय." "मी चाळीस वर्षं जोडतोय." "मी अकरा वर्षं बघतेय. तरी उलटं बघितलं." काका आता चिडले. तिने उलटं बघितलं असेल, पण उलटं बघायला आधी उलटं जोडलेलं लागतं, हे त्यांना लगेच कळलं होतं, तेवढे ते तयारीचे होते. "डावी केबल डाव्या बाजूला. उजवी उजव्या. एवढंसुद्धा कळत नसेल मला?" "कसे झोपला होतात आत?" "कसा म्हणजे? पाठीवर. बॅटरी दातात." "डोकं कुठं?" त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "शेपटीकडे जागा नव्हती," ते म्हणाले, "दुसरं विमान होतं ना मागे. पुढून शिरलो असणार." "पुढून शिरलात तर पाय नाकाकडे राहतात. पाय बाहेर होते की डोकं?" काका उठले. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि काहीएक न बोलता, गुडघ्यावर हात टेकत, टेबलाखाली शिरले. आतून काकू आल्या. "अहो, हे काय चाललंय?" "थांब जरा," टेबलाखालून आवाज आला. "नाक कुठं धरू?" "खिडकीकडे," ती म्हणाली. ते पाठीवर झोपले, मग अंग वळवून बघितलं, पुन्हा सरळ झाले, पुन्हा फिरले. अंगाला आठवत होतं ते अंग डोक्याला सांगत होतं. शेवटी ते डोकं खिडकीकडे करून स्थिर झाले. "शेपटीच्या झाकणातून पाय आधी घातले," ते हळू म्हणाले, "नाही नाही. सीटवरून मागे सरकलो. पाय शेपटीकडे गेले. डोकं पुढं." त्यांनी टेबलाच्या तळाकडे डावा हात उचलला, दोन बोटं एकमेकांवर दाबली, सांधा बसवावा तशी. मग तो हात तसाच वर राहिला. काकू वाकून टेबलाखाली बघू लागल्या. डोकं नाकाकडे करून पाठीवर झोपलेल्या माणसाचा डावा हात विमानाच्या उजव्या बाजूला असतो.

"दोन्ही केबलींची टोकं एकाच मापाची," काका अखेर म्हणाले. "उलटी जोडली तरी बसतात. कधीपासून सांगतोय मी, खुणेच्या चिठ्ठ्या टिकत नाहीत, तेलाने सुटतात." "ते लिहा तुम्ही," ती म्हणाली, "जबाबात." "मी काही लिहिणार नाही. मला उठव." तिने हात दिला. ते जड होते. त्यांना ओढून बाहेर काढताना तिला त्यांच्या तळव्याचे घट्टे लागले, ज्यांनी तिला पहिल्यांदा केबलीचा ताण बोटाने ओळखायला शिकवलं होतं. त्यांनी सदरा झटकला. "तुला सांगायचं तर सांग. मला विचारलं तर मी नाही म्हणणार." "म्हणा." "दोन महिने राहिलेत माझे निवृत्तीला." "माहीत आहे." "मास्तर माझा दोस्त होता, तुझा नाही." या वाक्याने ते रडतील असं तिला वाटलं, पण ते रेडिओकडे वळले आणि एक स्क्रू शोधू लागले, जो त्यांच्या हातातच होता. काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा." ती नको म्हणाली. परत येताना तिने उन्हातला लांबचा रस्ता घेतला. तिला साधी भीती वाटत होती, आणि त्या भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, टणक, ज्यावर पाय टेकवता येत होता. अकरा वर्षं ती लोकांना 'बरोबर' म्हणत आली होती. चुकलं म्हणण्याचा हक्क तिला त्याच सहीने दिला होता आणि तो तिने आजवर इतरांच्या कामावरच वापरला होता.

सोमवारी तपास अधिकाऱ्याच्या खोलीत टेबलावर काच होती आणि काचेखाली तीन वर्षांची कॅलेंडरं. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली. "बसा मॅडम. पाच मिनिटांचं काम." जबाब टाइप केलेला होता. 'स्वतंत्र तपासणी नियमानुसार करण्यात आली व योग्य आढळली.' तिने पेन काढलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. "अहो, टाइप केलेलं आहे!" तो म्हणाला, जणू तेवढंच त्याला खटकलं होतं. तिने सगळं सांगितलं. पाच-सहा वाक्यांत झालं. त्याहून जास्त नव्हतंच. त्याने चष्मा काढून काचेवर ठेवला. "त्या दिवशी थकला होतात का तुम्ही?" "नाही. आठ तास झोपले होते." "घरी काही ताण?" "काही नाही. घरी सगळे ठणठणीत." "डोळे?" "मार्चमध्ये तपासलेत. चांगले आहेत." "मग असं कसं झालं?" त्याच्या आवाजात खरीच विनंती होती, तिने काहीतरी आजार सांगावा, काहीतरी दुःख सांगावं, म्हणजे त्याला ते लिहिता येईल. तिला त्याची दया आली नाही. "मी समोर उभी होते," ती म्हणाली. "फॉर्मवर डावं लिहिलंय. बसलेल्याचं की उभ्याचं ते लिहिलेलं नाही. काका आत आपलं डावं धरून झोपले होते, मी बाहेर आपलं डावं धरून उभी होते. दोघंही खरं बोललो."

"काकांचा जबाब तसा नाही," तो म्हणाला. "तुमचा शब्द त्यांच्या शब्दाविरुद्ध पडतो." "पडू दे. शेडमध्ये तसंच दुसरं विमान आहे. त्याच्या केबली उलट्या जोडून बघा. बसतात. उलट्या न बसणाऱ्या करता आल्या असत्या, ते कुणी केलं नाही, हेही लिहा." "मॅडम, सगळं जळालंय. सिद्ध काहीच होणार नाही." "मास्तरांचं तरी कुठं सिद्ध झालंय? तुम्ही 'असावे' लिहिलंत. माझ्यापुढेही 'असावे' लिहा." तो थोडा हसला, मग हसू आवरलं. उठून खिडकी लावली, वारा नव्हता तरी. परत येऊन बसला तो जरा पुढे झुकून. "हे बघा. वैमानिकाची चूक हे शब्द मी काढतो. मानवी चूक लिहू. कुणाचंच नाव नाही. मुलीलाही बरं वाटेल, तुमचंही काम राहील." त्याला वाटत होतं की तो तिला काहीतरी मोठं देतोय. "मानवी म्हणजे कुणाची?" तिने विचारलं. "अं?" "मानव कोण? वाचणारा कुणाला धरणार? विमानात मानव एकच होता." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि उड्डाणाआधी वैमानिकानेही फळ्या बघायच्या असतात," तो जरा कडक होऊन म्हणाला, "ते तर खरं ना?" "खरं. त्यांच्या तपासणीच्या कार्डावर 'कंट्रोल मोकळे' एवढंच छापलंय, दिशेचं काही नाही, तरी बघायला हवं होतं. लिहा तेही. पण तिसऱ्या नंबरवर." "आणि पहिल्यावर?" "सांगितलं की."

बाहेर कुणीतरी टाइपरायटर थांबवला होता, ऐकत असणार. लहानपणी आई शाळेत पाठवताना सांगायची, चूक झाली तर बाईंनी विचारायच्या आत हात वर कर, म्हणजे कमी लागतं. आईचं ते खोटं होतं; तितकंच लागायचं. पण हात वर केलेल्या मुलीकडे वर्ग वेगळ्या नजरेने बघायचा, आणि ती नजर तिला आवडायची, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता तिला ती नजरही नको होती. तिला तो मसुदा हवा होता, त्यातलं ते वाक्य, आणि ते खोडायला लागणारी जागा. "मॅडम," अधिकारी शेवटी म्हणाला, "हे असं माझ्या फायलीत गेलं तर मला तुमचा सहीचा अधिकार काढून घ्यावा लागेल. सांगून ठेवतो. मग आयुष्यभर कुठल्याही विमानावर तुमची सही चालणार नाही." "आजच?" "पत्र निघायला दोन दिवस लागतील. पण निघेल." "म्हणजे आत्ता आहे." "काय आहे?" "अधिकार." त्याने हळूच होकारार्थी मान हलवली.

तिने जबाबाचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती लिहू लागली, सावकाश, शेडमध्ये लिहायची तशाच सुट्या, सरळ अक्षरात. तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक. मागे दुसरं विमान होतं हे लिहिलं, ते मी हलवायला सांगितलं नाही हे लिहिलं. कुठं उभी होते, तोंड कुणीकडे होतं, कोणत्या हाताची फळी उठली. वैमानिकाने दिलेलं नियंत्रण योग्य दिशेनेच होतं असं माझं मत आहे, हे लिहून 'माझं मत आहे' ती पुन्हा वाचत थांबली आणि ते तसंच ठेवलं, कारण तेवढंच तिला माहीत होतं. खाली तिने नाव लिहिलं, माहेरच्या बापाचं, सासरचं, सगळं, जे शेडमध्ये कुणाला धड ठाऊक नव्हतं. परवान्याचा नंबर लिहिला. सही केली. मग कागद काचेवरून त्याच्याकडे सरकवला आणि पेन त्याच्या बाजूला फिरवून धरलं.

"साक्षीदार म्हणून तुमची सही इथे," ती म्हणाली. "वाचून करा."